चौघांचा गट, सहा जणांचा प्रकल्प : गोव्यातील एका महाविद्यालयातील प्रकरण अभ्यास

उत्तर गोव्यातील एका महाविद्यालयात भूगोल विषयाच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या सहा विद्यार्थ्यांनी एका सत्रात खाजन शेतीवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीतील शेतीवर, गटप्रकल्प केला. सत्राच्या मध्यावर गटप्रमुख विद्यार्थिनीने, गटातील दोघे काहीच काम करत नाहीत, त्यांचे गुण कापावेत, अशी लेखी मागणी केली. त्या मागणीची शहानिशा करताना जे समोर आले ते या अभ्यासात मांडले आहे. मी त्या वर्गाची विषयशिक्षिका होते आणि प्रकल्पाचे मूल्यमापन माझ्याकडे होते. विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांची नावे, गावे आणि वर्ष येथे दिलेले नाही. तालुक्यांचा उल्लेख मात्र टाळलेला नाही, कारण कोण कुठून येतो, कोणत्या बसने येतो आणि कोणत्या माध्यमातून शिकून येतो यावर या प्रकरणातील बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेला पदवी अभ्यासक्रम गोवा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून लागू झाला, आणि तेव्हापासून आयएसएमध्ये, म्हणजे सत्रांतर्गत मूल्यमापनात, प्रकल्प, क्षेत्रभेट आणि सादरीकरण यांना शिक्षक पूर्वीपेक्षा अधिक जागा देऊ लागले आहेत. गटकार्यामुळे विद्यार्थी एकमेकांकडून शिकतात, असे आपण गृहीत धरतो. या गटात कोण कोणाकडून काय शिकू शकले आणि काय शिकू शकले नाही, हे पहिल्या बैठकीच्याही आधी बऱ्याच अंशी ठरून गेले होते, असे माझे मत आहे.

गट कसा जमला

विभागाच्या पद्धतीप्रमाणे सहा जणांचे गट विद्यार्थ्यांनी आपापले करायचे होते. या गटाचा गाभा चार जणांचा होता. त्यातील तिघी मैत्रिणी म्हापशाच्या एकाच उच्च माध्यमिक विद्यालयातून आलेल्या होत्या, आणि चौथा मुलगा गटप्रमुख मुलीचा लहानपणापासूनचा शेजारी होता. दोन्ही घरांचा चवथीला एकमेकांकडे राबता असे आणि महाविद्यालयातून परतताना ती बहुतेक वेळा त्याच्याच स्कूटरवर मागे बसून घरी जात असे. चौघांची वर्गातील बाके, कँटीनमधले टेबल आणि घरी परतण्याची वाट एकच होती.

उरलेल्या दोन जागा भरायच्या म्हणून भरल्या गेल्या. सत्तरी तालुक्यातील एक मुलगी आणि मांडवी नदीतील एका बेटावरचा एक मुलगा कोणत्याच गटात नव्हते, म्हणून यादीत त्यांची नावे शेवटी जोडली गेली. वर्गात अशा विद्यार्थ्यांना ‘उरलेले’ म्हणण्याची सवय आहे. हा शब्द तोंडावर उच्चारला जातो, तो कोणाला लागेल असे बोलणाऱ्याला वाटत नाही, आणि ज्याला लागतो तो तसे बोलून दाखवत नाही.

सत्तरीची मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात आणि पुढे इंग्रजीत शिकलेली, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतील असंख्य मुलांसारखीच. लिहिताना विचार मराठीत येतो आणि उत्तर इंग्रजीत द्यावे लागते, ही तिची रोजची कसरत होती. वाळपईकडे जाणारी संध्याकाळची बस चुकली तर साखळीला उतरून पुढची गाडी शोधावी लागे, त्यामुळे तास संपले की ती थांबत नसे. बेटावरच्या मुलाला फेरीबोटीने यावे लागे. वेळेची अडचण त्याला फारशी नव्हती. तो मुळात कमी बोलणारा होता आणि वर्गात त्याची ओळख तेवढीच होती.

कामाची वाटणी

गटाची पहिली बैठक कँटीनमध्ये झाली आणि लवकर आटोपली. अहवालाचे लेखन गटप्रमुखाकडे, नकाशे आणि पीपीटी दोन मैत्रिणींकडे, माहिती शोधणे शेजारी मित्राकडे, शेतकऱ्यांच्या मुलाखती सत्तरीच्या मुलीकडे, फोटो, झेरॉक्स आणि बाइंडिंग बेटावरच्या मुलाकडे, अशी वाटणी झाली. कागदावर ती समतोल दिसते. सहा जणांना सहा कामे मिळाली होती आणि कोणी तक्रारही केली नव्हती.

या वाटणीत एक गोष्ट दडलेली होती. ज्या कामांत निर्णय घ्यावे लागतात, म्हणजे प्रश्न कोणता मांडायचा, पुरावा कोणता ठेवायचा, निष्कर्ष काय काढायचा, ती सगळी कामे चौघांकडे राहिली. बाहेरच्या दोघांकडे गोळा करून आणून देण्याची कामे गेली. हे कोणी कपटाने केले नाही. मित्राला काम देताना आपण त्याच्या कुवतीचा विचार करतो, कारण ती आपल्याला ठाऊक असते; अनोळखी माणसाला काम देताना चुकले तरी फार बिघडणार नाही असे काम देतो. अशा वाटणीतून प्रकल्प पुरा होतो, पण प्रकल्पातून जे शिकायचे ते वाटणीच्या वेळीच चौघांच्या पदरात पडलेले असते.

तक्रार

सत्राच्या मध्यावर आलेले गटप्रमुखाचे पत्र नीटनेटके होते. दोघे बैठकांना हजर नसतात, दिलेले काम वेळेवर देत नाहीत, दिले तरी ते वापरण्यासारखे नसते आणि चर्चेत एक शब्द बोलत नाहीत, असे त्यात लिहिले होते. खाली चौघांच्या सह्या होत्या. पत्र लिहिणारी मुलगी खोटे बोलणारी नव्हती, हे मला आजही ठामपणे वाटते. तिने जे पाहिले तेच लिहिले होते.

असे पत्र आले की त्याचे स्पष्टीकरणही तयार असते. समूहात माणूस अंग राखून काम करतो, ही गोष्ट फार जुन्या काळापासून अभ्यासली गेली आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग करून १९१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे वाढली की दर माणशी लागणारा जोर कमी होतो, आणि आठ जण असताना तो एकट्याच्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर येतो, असे त्याला आढळले. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी ओरडण्याच्या आणि टाळ्या वाजवण्याच्या प्रयोगांतून दाखवून दिले की ही घट केवळ एकमेकांशी ताळमेळ न जुळल्यामुळे होत नाही, माणूस खरोखरच जोर कमी लावतो. या अंगचोरीची कल्पना शिक्षकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की गटात कोणी मागे दिसला की हेच कारण आधी सुचते. त्यामुळे गुण कापण्याचा निर्णय घेण्यापूर्वी सहाही जणांशी स्वतंत्रपणे बोलणे आणि कामाचा माग काढणे मला आवश्यक वाटले.

दोन व्हॉट्सअॅप ग्रुप

माग काढताना पहिली गोष्ट आढळली ती व्हॉट्सअॅपची. प्रकल्पासाठी सहा जणांचा एक ग्रुप होता. त्यात ‘उद्यापर्यंत पाठवा’, ‘फोटो आले का’, ‘बैठक आज’ एवढेच संदेश होते. चौघांचा आणखी एक ग्रुप होता, तो प्रकल्पाच्या कितीतरी आधीपासूनचा, आणि प्रकल्पाची खरी चर्चा तिथे चालत असे. प्रश्नावलीत बदल करायचा, एका गावाऐवजी दोन गावे घ्यायची, मुलाखतींची संख्या कमी करायची, हे सगळे तिथे गप्पांच्या ओघात ठरले होते. बाहेरच्या दोघांना ते कळले ते निर्णय म्हणून, आणि कधी कधी त्यांचे काम करून झाल्यावर. सत्तरीच्या मुलीने जुन्या प्रश्नावलीनुसार मुलाखती घेतल्या होत्या. तिचे काम वापरण्यासारखे नसल्याचा ठपका येथून आला होता.

बैठका तास संपल्यानंतर ठेवल्या जात. ‘आज चारनंतर कँटीन’ हा संदेश बहुधा दुपारी येई. चौघांना त्याची गरजच नसे, कारण ते तिथेच असत. सत्तरीच्या मुलीला तोपर्यंत बसस्थानक गाठायचे असे.

गूगल डॉक्समधील अहवालाच्या मसुद्यात कोणता बदल कोणी आणि केव्हा केला याचा इतिहास राहतो. तो इतिहास सहाही जणांच्या संमतीने आम्ही एकत्र पाहिला, आणि त्यातून दोन गोष्टी दिसल्या. सत्तरीच्या मुलीने मुलाखतींवर आधारित चार पाने लिहून जोडली होती. दुसऱ्या दिवशी ती पाने काढून त्या जागी इंटरनेटवरून घेतलेला, खाजन जमिनींची सर्वसाधारण माहिती सांगणारा सफाईदार इंग्रजी मजकूर घातला गेला होता. तिला हे सांगितले गेले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की ‘माहिती शोधणे’ हे काम ज्या शेजारी मित्राकडे होते, त्याच्या खात्यावरून मसुद्यात एकही ओळ आली नव्हती. त्याच्या नावाचा भाग गटप्रमुखाने रात्री बसून लिहिला होता.

ज्याने खरोखर अंगचोरी केली होती त्याची सही तक्रार करणाऱ्यांत होती. मी गटप्रमुखाला याबद्दल विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘मॅडम, त्याला कसं सांगणार? त्याची आई रोज आमच्याकडे येते.’’ हे तिचे बोलणे मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. परक्याच्या चुकीबद्दल लेखी तक्रार करता येते, पण आपल्या माणसाला तोंडी एक शब्द बोलणे जड जाते. तिने मित्राला सांभाळून घेतले ते स्वतःच्या झोपेची किंमत देऊन, आणि त्या ओझ्याचा राग काढण्याची जागा तिला गटाच्या बाहेरच्या कडेला सापडली.

एक मैत्रीण या काळात हळूहळू ढिली पडली होती. नकाशे तिच्याकडे होते, ते अर्धवट राहिले होते. शेजारी मित्र काही करत नाही आणि तरी त्याचे निभावून जाते, हे तिच्या लक्षात आले होते आणि त्याचा तिला मनातून राग होता. नॉर्बर्ट कर यांनी १९८३ मध्ये याच प्रवृत्तीचा अभ्यास केला आहे: दुसऱ्याने आपल्या कष्टांवर फुकट बसून खावे आणि आपण मूर्ख ठरावे, हे टाळण्यासाठी कष्ट करू शकणारा माणूसही हात आखडता घेतो. मैत्रीत तर हे आणखी अवघड होते, कारण रागाचे कारण बोलून दाखवता येत नाही.

मानशीवरची दुपार

यानंतर मी गटाला घेऊन प्रकल्पातील एका गावाच्या खाजनावर गेले. ओहोटीची वेळ साधून जाणे आवश्यक होते, आणि ती वेळ कोणती हे बेटावरच्या मुलाने पंचांग न पाहता, तिथीवरून सांगितले. तो असे काही सांगू शकतो हे बाकीच्यांना त्या दिवशी प्रथम कळले.

खाजन म्हणजे नदीच्या किंवा खाडीच्या काठची, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली आणि बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. पाण्याची ये-जा मानशीतून होते. मानस म्हणजे बांधातील दारांची चौकट. भरतीच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच झाले की आपोआप उघडतात. एवढी माहिती अहवालात होती. ती पुस्तकी होती, तरी चुकीची नव्हती.

मुलगा बांधावरून उतरून मानशीच्या दगडी खांबापाशी गेला आणि खांबाला चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, थराकडे बोट दाखवून म्हणाला की पाणी रोज कुठपर्यंत चढते ते इथे दिसते. मग त्याने आतल्या बाजूचा खांब दाखवला. तिथेही तसाच थर होता, बाहेरच्यापेक्षा थोडा खाली. दारे नीट मिटत असती तर आतल्या खांबावर कालवे इतक्या उंचीपर्यंत वाढली नसती, असे त्याने सांगितले आणि दाराच्या खालच्या फळीजवळची फट बोटांनी चाचपून दाखवली. मानशीतील मासळी पकडण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ती घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असते. दाराच्या फटीत लाकडाचा तुकडा अडकवला की भरतीला खारे पाणी आत येते आणि पाण्याबरोबर मासळीही येते. त्याच्या घरचा एक तुकडा अशाच पाण्याने सरद, म्हणजे पावसाळी, शेतीतून गेला होता. हे सगळे तो कोकणीत सांगत होता, सावकाश आणि एकदाही न अडखळता.

गटप्रमुखाने त्याला विचारले, ‘‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’’ त्याने उत्तर दिले, ‘‘म्हाका कोणेंच विचारलें ना.’’

प्रकल्पाचा विषय खाजन शेती हा होता आणि खाजनाशेजारी वाढलेला मुलगा फोटो काढण्याच्या आणि बाइंडिंगच्या कामावर होता. ही परिस्थिती मला आजही अस्वस्थ करते. १९८५ मध्ये गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी गटचर्चेवर प्रयोग केले. गटातील सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर चर्चा पुन्हापुन्हा होते आणि एखाद्यालाच ठाऊक असलेली गोष्ट बोलली जातच नाही, मग ती निर्णयाला कितीही आवश्यक असो, असे त्यांना आढळले. या गटात तर ठाऊक असलेल्या गोष्टींची एक सामाईक शिदोरी चौघांकडे आधीपासून होती, आणि ती पुरेशी आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

सत्तरीच्या मुलीची वही मी त्याच दिवशी प्रथम सविस्तर वाचली. तिच्या घरी कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि थोडी भातशेती आहे, त्यामुळे लावणी करणाऱ्या बायकांशी बोलताना तिला शब्द शोधावे लागले नव्हते. बांध फुटल्यावर कोणता तुकडा खारावला, पावसाने मीठ धुऊन निघायला किती काळ गेला, कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात कोणी अजून पेरते आणि कोणी सोडले, जमीन कसणाऱ्याच्या मालकीची झाल्यावर बांधाची डागडुजी कोणी करायची यावरून गावात काय बोलले गेले, हे सर्व तिने मराठीत, सांगणाऱ्या बाईच्या शब्दांत टिपले होते. भूगोलाच्या प्रकल्पासाठी यापेक्षा मोलाची सामग्री त्या गटाकडे नव्हती. ती काढून टाकली गेली, कारण मजकुराची भाषा खडबडीत होती आणि ती सुधारून घेण्याइतकी लिहिणारीशी कोणाची ओळख नव्हती. मैत्रिणीचा मजकूर असता तर गटप्रमुखाने तिच्या शेजारी बसून तो दुरुस्त केला असता.

याला आळस म्हणावे का

बाहेरच्या दोघांचे मौन हे या प्रकरणात आळसाचे लक्षण मानले गेले, आणि जो खरोखर आळशीपणा करत होता त्याचे मौन कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. याचे कारण मला असे वाटते की गटात कोण काम करतो हे सदस्य कामावरून ठरवत नाहीत, तर समोर वावरण्यावरून ठरवतात. शेजारी मित्र बैठकीला हजर असे, चहा आणत असे, हसवत असे, घरी सोडत असे. तो ‘आहे’ याची सर्वांना खात्री होती. सत्तरीच्या मुलीने बसमध्ये बसून चार पाने लिहिली, ती लिहिताना तिला कोणीही पाहिले नाही.

येथे एक विसंगती आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. स्टीव्हन कराउ आणि किपलिंग विल्यम्स यांनी १९९३ मध्ये ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष असा की गटातील माणसांना एकमेकांविषयी जिव्हाळा असेल तर अंगचोरी कमी होते. या गटातील दोघी मैत्रिणींच्या आणि गटप्रमुखाच्या बाबतीत, निदान सुरुवातीला, हे खरे होते. त्या एकमेकींसाठी रात्री जागल्या आहेत. मग चौथ्याच्या बाबतीत ते का लागू पडले नाही? माझ्या मते त्याचा जिव्हाळा व्यक्तीशी होता, कामाशी नव्हता, आणि काम न करूनही तो जिव्हाळा टिकत होता. मैत्रीमुळे माणूस अधिक राबतो हे खरे आहे, पण ते काम न केल्यास मैत्रीत काही उणे पडणार असेल तेव्हाच. येथे उणे पडू द्यायचे नाही अशी काळजी गटप्रमुख स्वतःच घेत होती.

इंग्रजीचा भागही मोठा आहे. गोव्यातील वर्गात एकाच बाकावर कोकणी, मराठी आणि इंग्रजी माध्यमांतून आलेली मुले बसतात, आणि ज्याचे इंग्रजी अस्खलित त्याला विषयही अधिक कळतो, असे त्या मुलांनाच वाटू लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एलिझाबेथ कोहेन यांनी वर्गातील गटकार्याचा दीर्घकाळ अभ्यास करून दाखवले की ज्यांचा दर्जा वरचा मानला जातो ते अधिक बोलतात, अधिक बोलल्यामुळे अधिक शिकतात, आणि त्यामुळे दर्जातील अंतर गटकार्याने कमी होण्याऐवजी वाढू शकते. त्यांनी सुचवलेला एक उपाय म्हणजे शिक्षकाने मागे पडलेल्या विद्यार्थ्याचे खरे, नेमके आणि त्या कामाला उपयोगी असलेले कौशल्य सर्वांसमोर दाखवून देणे. खोटी वाहवा येथे चालत नाही, मुले ती ताबडतोब ओळखतात. मानशीवर घडले ते या उपायाच्या जवळचे होते, कारण त्या मुलाचे ज्ञान अस्सल होते आणि प्रकल्पाला त्याची निकड होती.

केलेले बदल

गट मोडला नाही आणि कोणाचे गुणही त्या वेळी कापले नाहीत. गट मोडून सहा अनोळखी मुलांना एकत्र बसवले असते तर चौघांची मैत्री बाजूला झाली असती, पण दोघांना कोणी विचारत नाही ही परिस्थिती नव्या गटातही तशीच राहिली असती.

बैठका दुपारच्या मोकळ्या तासाला, वाचनालयातील टेबलावर ठेवण्याचे ठरले. चौघांचा खासगी ग्रुप बंद करायला सांगणे मला योग्य वाटले नाही. मित्रांनी मित्रांशी काय बोलावे हा शिक्षकाचा विषय नाही. एवढेच ठरवले की प्रकल्पाबाबतचा निर्णय सहा जणांच्या ग्रुपवर लिहिला जाईपर्यंत तो निर्णय मानायचा नाही. कामांची नव्याने वाटणी करताना प्रत्येकाला अहवालाचा एक प्रश्न दिला, म्हणजे गोळा करणे, लिहिणे आणि निष्कर्ष काढणे ही तिन्ही कामे त्याच्याकडे आली. मानशीच्या पावणीवरचे प्रकरण बेटावरच्या मुलाकडे आणि बांधफुटीनंतरच्या शेतीवरचे सत्तरीच्या मुलीकडे गेले. भाषेची दुरुस्ती करायची असेल तर लेखकाला शेजारी बसवून करायची, त्याच्या पाठीमागे नाही, ही अट मी घातली आणि ती पाळली जाते की नाही यावर लक्ष ठेवले.

गुणांमध्ये अहवालाचा वाटा सर्वांना समान ठेवला आणि व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, वाटा वैयक्तिक केला. व्हायवात कोणालाही कोणत्याही प्रकरणावर प्रश्न विचारला जाईल, असे आधीच सांगितले. त्यामुळे एकमेकांची प्रकरणे समजून घेणे भाग पडले, आणि वाचनालयातील टेबलावर गटप्रमुख सत्तरीच्या मुलीला सरद आणि पावसाळ्यानंतरच्या वायंगण शेतीतील फरक विचारते आहे, हे दृश्य मला पाहायला मिळाले.

काय साधले, काय नाही

अहवाल चांगला झाला. पावणी आणि खारे पाणी यांचा संबंध दाखवणारे प्रकरण पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मी तोवर वाचले नव्हते. मुलाखतींची मूळ मराठी टिपणे परिशिष्टात जशीच्या तशी दिली गेली, आणि ही सूचना गटप्रमुखाची होती. नकाशे पूर्ण झाले.

व्हायवात शेजारी मित्राला उत्तरे देता आली नाहीत. त्याच्या नावाचे प्रकरण या वेळी गटप्रमुखाने लिहून दिले नव्हते. त्याने ते शेवटच्या दोन दिवसांत कसेबसे लिहिले होते, आणि इतरांची प्रकरणे वाचली नव्हती. त्याला वैयक्तिक गुण कमी मिळाले. त्यानंतर काही काळ ती दोघे एकत्र घरी जात नव्हती. त्यांच्या घरांतही याची वाच्यता झाली असे मला तिच्याकडून कळले. न्याय झाला असे मी म्हणेन, तरी त्या मुलीने त्याची जी किंमत दिली ती गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही, आणि वैयक्तिक मूल्यमापनाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ती हिशेबात धरली पाहिजे. मित्राला नाही म्हणण्याचे ओझे विद्यार्थ्यावर एकट्याने पडू नये यासाठी मूल्यमापनाचे नियम पहिल्या दिवशी, शिक्षकाच्या नावाने जाहीर झालेले असावेत. म्हणजे ‘‘मॅडमनी सांगितलंय’’ एवढे म्हणून तिला सुटता येते.

पुढच्या सत्रात गट पुन्हा विद्यार्थ्यांनी निवडले. तिघी मैत्रिणी एकत्र राहिल्या. बेटावरच्या मुलाला दोन गटांनी बोलावले आणि तो त्यांपैकी एका गटात गेला. सत्तरीची मुलगी डिचोलीच्या आणि सत्तरीच्याच मुलींच्या गटात गेली. तिला गटप्रमुखाच्या गटात जावेसे वाटले का, असे मी विचारले तेव्हा तिने त्या मुलीविषयी चांगलेच बोलून, ‘‘यांच्याबरोबर बसमध्ये बसून काम करता येतं’’ असे कारण दिले. एका प्रकल्पाने मैत्री होते अशी अपेक्षा मला नव्हती. परस्परांविषयीचा आदर वाढला, पण सोबत वाढली नाही, असे त्याचे वर्णन करता येईल.

या अनुभवानंतर विभागाने गट जमवण्याची पद्धत बदलली आहे. प्रत्येक विद्यार्थी एकच जोडीदार निवडतो आणि तीन जोड्यांचा गट शिक्षक करतात, शक्यतो वेगवेगळ्या तालुक्यांतून येणाऱ्या जोड्यांचा. त्यामुळे गटात कोणी एकटा पडत नाही आणि चौघांची आधीच जमलेली फळीही तयार होत नाही. ज्याला एकही जोडीदार मिळत नाही असा विद्यार्थी मात्र दर वर्षी एखादा असतोच. त्याची जोडी सध्या विषयशिक्षक यादी लावण्यापूर्वीच, वर्गात न विचारता, खासगीत बोलून जमवतात.